मेदाम्लांपासून डिझेल: सच्छिद्र उत्प्रेरकांचे काम



स्टिअरिक आम्लाच्या एका रेणूत कार्बनचे १८ अणू असतात, हायड्रोजनचे ३६ आणि ऑक्सिजनचे २. डिझेलमधल्या पुष्कळशा रेणूंची कार्बनसाखळीही साधारण एवढ्याच लांबीची असते. मग फरक कुठे आहे? तो आहे त्या दोन ऑक्सिजन अणूंत. वजनाच्या हिशेबाने ते रेणूचा जेमतेम ११ टक्के भाग व्यापतात. कार्बनची साखळी न तोडता एवढे दोन अणू काढून टाकले, की हाती उरतो तो पदार्थ खनिज डिझेलच्या कुटुंबातलाच असतो आणि तोही जमिनीखालचा थेंबभर साठा न उपसता मिळालेला. सांगायला ही गोष्ट सोपी आहे. ती घडवून आणणारा, स्वस्त, टिकाऊ आणि हलक्या प्रतीचे तेल पचवणारा उत्प्रेरक बनवणे मात्र अजूनही कठीण आहे. त्या उत्प्रेरकात धातू कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण तो धातू ज्या छिद्रांत बसवला आहे ती छिद्रे केवढी आणि कशी, हा प्रश्न त्याहून तसूभरही कमी नाही.

मेदाम्ले असतात कुठे? शेंगदाणा, सोयाबीन, सरकी, पाम, करंज अशा प्रत्येक तेलात आणि प्राण्यांच्या चरबीतही. मात्र ताज्या तेलात ती सुटी नसतात. ग्लिसरीनच्या एका कण्याला तीन मेदाम्ले जोडलेली असतात आणि या जोडरेणूला ट्रायग्लिसराइड म्हणतात. तेल पुन्हापुन्हा तापले, त्यात ओलावा शिरला, ते फार दिवस पडून राहिले, की हे जोड तुटतात आणि मेदाम्ले सुटी होतात. भाताच्या कोंड्यात तर लायपेज नावाचे विकर असते. कोंडा गिरणीतून बाहेर पडल्यावर लगेच स्थिर केला नाही, तर थोड्याच दिवसांत त्यातल्या तेलाची आम्लता चढत जाते. तेल शुद्ध करताना खाली बसणाऱ्या साबणी गाळापासून ‘ॲसिड ऑइल’ मिळते. पाम तेलाच्या शुद्धीकरणात मेदाम्लांचा वेगळा अंश निघतो. कोकण किनाऱ्यावरच्या उंडीच्या बियांचे तेलही मुळातच बरेच आम्लधर्मी असते. खाण्याच्या दृष्टीने ही सगळी तेले टाकाऊ आहेत, आणि इंधनाचा खरा कच्चा माल तीच आहेत.

वनस्पती तेलावर इंजिन चालवण्याची कल्पना जुनी आहे. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेल यांच्या पद्धतीचे एक लहान इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. इंजिन चालले, पण तेलाचा घट्टपणा आडवा आला. वनस्पती तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट घट्ट असते. त्याचा फवारा नीट होत नाही, आणि अर्धवट जळलेले तेल इंजिनात साचत जाते. १९३७ साली बेल्जियममध्ये शाव्हान नावाच्या संशोधकाने त्यावर तोड काढली. पाम तेलावर अल्कोहोलची क्रिया करून त्याचे एस्टर बनवायचे, अशी ती कृती. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स ते लूव्हाँ या मार्गावर त्या इंधनावर बसही धावली. आजचे बायोडिझेल त्याच वंशातले आहे.

बायोडिझेलने घट्टपणाचा प्रश्न सोडवला. पण ऑक्सिजनचे काय? तो जागच्या जागी राहिला. त्यामुळे बायोडिझेल साठवणुकीत खवट होते, हवेतला ओलावा धरून ठेवते, आणि जुन्या इंजिनांत ते एका मर्यादेपलीकडे मिसळता येत नाही. त्याहून मोठी अडचण कारखान्यात येते. नेहमीच्या पद्धतीत कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली उत्प्रेरक म्हणून वापरतात. तेलात सुटी मेदाम्ले असली, की त्या अल्कलीचा त्यांच्याशी संयोग होऊन साबण तयार होतो. उत्प्रेरक वाया जातो, ग्लिसरीन वेगळे होत नाही, सगळे फेसाळून बसते. म्हणजे जे तेल सर्वांत स्वस्त, तेच या पद्धतीला सर्वांत नकोसे.

नवीकरणीय डिझेलची वाट इथे वेगळी होते. त्यात ऑक्सिजन मुळापासून काढला जातो आणि उरतो तो शुद्ध हायड्रोकार्बन. त्यात गंधक जवळजवळ नसते. त्याचा सिटेन अंक, म्हणजे इंधन किती चटकन पेटते याचे माप, ७०च्या वर जातो. पंपावरच्या डिझेलला ५१ पुरेसा धरतात. घनता मात्र थोडी कमी, घनमीटरला सुमारे ७८० किलो. फिनलंडच्या नेस्टे कंपनीने २००७ साली पोर्व्हो येथे या पद्धतीचा कारखाना सुरू केला; पुढे २०१० मध्ये सिंगापूर आणि २०११ मध्ये रॉटरडॅम येथे मोठे कारखाने उभे राहिले. इटलीत व्हेनिसजवळच्या पोर्तो मार्गेरा येथील खनिज तेलाची जुनी रिफायनरी २०१४ मध्ये याच कामाकडे वळवण्यात आली. म्हणजे ही प्रयोगशाळेतली कल्पना राहिलेली नाही. मग संशोधन कशासाठी चालू आहे? या कारखान्यांना लागणारा हायड्रोजन, त्यांचा दाब, त्यांना लागणारे निवडक किंवा आधी साफ केलेले तेल आणि त्यांच्या उत्प्रेरकांची नाजूक प्रकृती, या चार गोष्टींसाठी.

आधी हायड्रोजनचा हिशेब पाहू. ऑक्सिजन काढण्याच्या तीन वाटा आहेत. पहिल्या वाटेत दोन्ही ऑक्सिजन अणू पाण्याच्या रूपाने जातात. स्टिअरिक आम्लाच्या प्रत्येक रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात आणि १८ कार्बनचा ऑक्टाडेकेन मिळतो. दुसऱ्या वाटेत एक कार्बन अणू कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो, हायड्रोजनचा एकच रेणू लागतो आणि १७ कार्बनचा हेप्टाडेकेन उरतो. तिसऱ्या वाटेत कार्बन डायऑक्साइड निघतो, हायड्रोजन लागतच नाही, आणि उरतो पुन्हा हेप्टाडेकेनच. वजनात मांडले तर पहिल्या वाटेने एक टन आम्लापासून सुमारे ८९५ किलो इंधन मिळते आणि २१ किलो हायड्रोजन खर्च होतो. तिसऱ्या वाटेने ८४५ किलो मिळते आणि खर्च शून्य. ओलेइक आम्लासारख्या असंतृप्त आम्लात दुहेरी बंध भरण्यासाठी आणखी एक रेणू जातो.

२१ किलो म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्याच्या प्रत्येक किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय हायड्रोजन नेहमीच्या दाबाने देऊन भागत नाही. कारखान्यात तो हवेच्या दाबाच्या कितीतरी पट दाबाने भरावा लागतो. जाड पोलादी भांडी, दाबयंत्रे, सुरक्षेची व्यवस्था हे सगळे त्याच्यामागून येते. तालुक्याच्या गावी छोटा कारखाना उभा राहू शकत नाही, याचे मुख्य कारण हेच आहे.

मग सगळ्यांनी तिसरी वाट का धरू नये? इथे एक फसवा हिशेब आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या वाटेने निघालेले कार्बनचे ऑक्साइड भांड्यातच असतात, आणि निकेलसारखा धातू हायड्रोजनच्या उपस्थितीत त्यांचा मिथेन बनवू लागतो. एका कार्बन मोनॉक्साइडला त्यासाठी हायड्रोजनचे तीन रेणू लागतात. आधीचा एक धरून झाले चार. पहिल्या वाटेने तीनच लागले असते! कार्बन डायऑक्साइडचा मिथेन झाला तर थेट चार. म्हणजे कागदावर वाचवलेला हायड्रोजन भांड्यात उडून जातो. उत्प्रेरक निवडताना मुख्य क्रिया किती झाली एवढेच पाहणारा अहवाल म्हणूनच अपुरा ठरतो. निघालेल्या वायूंत काय आहे, हेही त्यात असायला हवे.

आता छिद्रांकडे वळू.

उत्प्रेरकाचे काम पृष्ठभागावर चालते. जितका पृष्ठभाग जास्त, तितक्या जास्त जागी धातूचे कण विखरून बसवता येतात. घन पदार्थ आतून पोकळ केला की हा पृष्ठभाग अफाट वाढतो. एक ग्रॅम सच्छिद्र सिलिकाच्या आतल्या भिंती उलगडल्या तर त्यांचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाऊ शकते. पण मोठा पृष्ठभाग असून उपयोग काय, जर रेणू तिथवर पोहोचलाच नाही तर? दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांना सूक्ष्म, दोन ते पन्नास नॅनोमीटरच्या छिद्रांना मध्यम आणि त्यापुढच्यांना स्थूल म्हणतात. स्टिअरिक आम्लाचा रेणू लांबीला सुमारे अडीच नॅनोमीटर आणि जाडीला सुमारे अर्धा नॅनोमीटर. अरुंद बोळातून लांब वासा न्यायचा तर तो सरळ धरून, टोकाकडून आत घालावा लागतो; मेदाम्लाचे तसेच आहे. ते सूक्ष्म छिद्रात कसेबसे शिरते, पण वळू शकत नाही, आणि बाहेर पडायला वेळ लावते. तीन साखळ्यांचा ट्रायग्लिसराइड तर दारातच अडतो.

सूक्ष्म छिद्रांचे सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे झिओलाइट. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची ती नियमित जाळी असते. महाराष्ट्राच्या मातीला त्यांची चांगली ओळख आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे देखणे स्फटिक सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातल्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. उद्योगात वापरतात ते झिओलाइट मात्र कृत्रिम असतात, कारण नैसर्गिक स्फटिकांत छिद्रांचे माप आणि शुद्धता हवी तशी मिळत नाही. झेडएसएम-५ या झिओलाइटची छिद्रे सुमारे ०.५५ नॅनोमीटरची, बीटाची ०.६७च्या आसपास. या जाळीत आम्लधर्मी जागा असतात, आणि त्या फार कामाच्या असतात. पण त्या प्रमाणाबाहेर तिखट असल्या, तर कार्बनची साखळीच मधून तुटते आणि डिझेलऐवजी हलका वायू आणि नाफ्था मिळू लागतो.

१९९२ साली मोबिल कंपनीच्या संशोधकांनी मध्यम छिद्रांचा एमसीएम-४१ हा पदार्थ जाहीर केला आणि १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथून एसबीए-१५ आला. साबणासारख्या रेणूंचे पुंजके द्रावणात नळ्यांच्या आकारात रचायचे, त्यांच्याभोवती सिलिका गोठवायची, मग आतले सेंद्रिय साचे जाळून टाकायचे. उरतात त्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रचनेच्या एकसारख्या नळ्या. एसबीए-१५मध्ये त्या साधारण पाच ते दहा नॅनोमीटर रुंद असतात. मेदाम्ल तिथे मोकळेपणाने जाते-येते. पण या भिंती झिओलाइटसारख्या स्फटिकी नसतात. त्यांत आम्लता जवळपास नसते, आणि उष्ण वाफेत त्या कोसळू शकतात. ही गोष्ट किरकोळ नाही, कारण पहिल्या वाटेने एक टन आम्लामागे सुमारे १२७ किलो पाणी उत्प्रेरकाच्या अंगावरच तयार होत असते.

तेव्हा अरुंद छिद्रांत आम्लता आहे, पण वाट नाही. रुंद छिद्रांत वाट आहे, पण आम्लता नाही. दोन्ही एकत्र का आणू नयेत? गेल्या दोन दशकांतले बरेचसे काम या एका प्रश्नावर झाले आहे. झिओलाइटवर सौम्य कॉस्टिक सोड्याची क्रिया केली, की त्यातले काही सिलिकॉन विरघळते आणि स्फटिकाच्या आत मध्यम छिद्रे तयार होतात. मोठी छिद्रे राजरस्त्यासारखी आत नेतात, लहान छिद्रे कामाची जागा पुरवतात. अशा पदार्थांना श्रेणीबद्ध सच्छिद्र पदार्थ म्हणतात. २०२० साली मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाच्या गटाने याच विचाराला पुढचे वळण दिले. त्यांच्या पदार्थात स्थूल छिद्रांत आम्लधर्मी जागा आणि मध्यम छिद्रांत अल्कलीधर्मी जागा बसवल्या होत्या. तेलातली सुटी मेदाम्ले आधी मोठ्या छिद्रांत एस्टर बनतात, आणि मग उरलेले तेल लहान छिद्रांत. आम्ल आणि अल्कली एकाच कणात, एकमेकांना न मारता! तयार झाले ते बायोडिझेलच. पण हलक्या प्रतीचे तेल एकाच भांड्यात हाताळता येते, हे त्यातून दिसले.

धातूंचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कारखान्यांत निकेल-मॉलिब्डेनम किंवा कोबाल्ट-मॉलिब्डेनम यांचे सल्फाइड ॲल्युमिनावर बसवून वापरण्याची पद्धत रूढ आहे. खनिज तेलातले गंधक काढण्यासाठी रिफायनऱ्या तेच वापरत आल्या आहेत. अडचण अशी, की वनस्पती तेलात गंधक नसते. सल्फाइडमधले गंधक हळूहळू निघून जाते, आणि ते टिकवण्यासाठी स्वच्छ तेलात मुद्दाम गंधकाचे संयुग घालावे लागते. फिनलंडमधल्या तुर्कू येथील ओबो अकादमीच्या संशोधकांनी २००६ साली दाखवले, की सच्छिद्र कार्बनवरचा पॅलॅडियम ३०० अंश सेल्सियसला, हायड्रोजन न देता, स्टिअरिक आम्लाचा जवळपास सगळा हेप्टाडेकेन करू शकतो. तिसरी वाट प्रत्यक्षात आली. पण पॅलॅडियम परवडणार कोणाला? २०१२ मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात योहानेस लेर्खर यांच्या गटाने बीटा झिओलाइटवर निकेल बसवून २६० अंश आणि ४० बार दाबाला सूक्ष्मशैवालाच्या तेलापासून डिझेलच्या पल्ल्यातले हायड्रोकार्बन काढले. निकेल हा वनस्पती तुपाच्या कारखान्यातला जुना धातू. तेलाचे दुहेरी बंध भरून डालडा घट्ट करणारा तोच. इथे त्याचे काम पुढे जाते. मेदाम्लाचे आधी अल्डिहाइड, मग अल्कोहोल होते. शेजारची आम्लधर्मी जागा त्यातले पाणी काढते. आणि निकेल उरलेला दुहेरी बंध भरून टाकतो. धातू आणि आम्ल एकाच छिद्रात, जवळजवळ असतील तरच हे हातोहात होते.

अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत आणखी स्वस्त धातू घेतला गेला: लोखंड. मध्यम छिद्रांच्या सिलिका-कणांत लोखंडाचे सूक्ष्म कण बसवल्यावर साखळी फारशी न तुटता मुख्यतः १८ कार्बनचे उत्पादन मिळाले, कारण लोखंड कार्बन-कार्बन बंध तोडायला निकेलइतके उत्सुक नसते. त्याच ठिकाणी दुसरीही एक सुंदर कल्पना पुढे आली. छिद्रांच्या भिंतींवर अमाइनचे गट आणि सोबत निकेल बसवायचे. अमाइन तेलातून सुटी मेदाम्ले निवडून पकडतात, आणि निकेल त्यांचे तिथेच हायड्रोकार्बन करतो. गाळणी आणि भट्टी एकाच कणात आली.

ऑक्सिजन गेला म्हणजे काम संपले का? नाही. सरळ साखळीचा हेप्टाडेकेन २२ अंशांना गोठतो आणि ऑक्टाडेकेन २८ अंशांना. पुण्यातल्या डिसेंबरातही तो टाकीत मेणासारखा बसेल. हिमाचलची गोष्टच सोडा. म्हणून साखळीला फांद्या फोडाव्या लागतात. एखादा मिथिल गट बाजूला सरकला, तरी द्रवणांक झपाट्याने उतरतो. इथे मात्र अरुंद छिद्रांचे भाग्य उघडते. एसएपीओ-११ या पदार्थाची छिद्रे इतकी मोजूनमापून अरुंद असतात, की एका फांदीचा रेणू त्यातून निघतो, पण अनेक फांद्यांचा, पुढे तुटून जाणारा रेणू आत तयारच होऊ शकत नाही. त्यावर थोडा प्लॅटिनम बसवला, की साखळी न तुटता फांद्या फुटतात. जे छिद्र पहिल्या टप्प्यात अडचण ठरले, तेच या टप्प्यात हवेसे होते. म्हणूनच एकच सर्वोत्तम छिद्र असे काही सांगता येत नाही.

भारतात या कामाचा पाया चांगला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात एन्सिलाइट हे झिओलाइट उत्प्रेरक तयार केले आणि ते झायलीनच्या उत्पादनात प्रत्यक्ष वापरले गेले. २००६च्या सुमारास तिथेच दरभा श्रीनिवास आणि रत्नसामी यांनी लोह-जस्ताच्या दुहेरी सायनाइडचा घन उत्प्रेरक मांडला. त्याचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो, त्यामुळे सुटी मेदाम्ले आणि ओलावा असलेले तेलही तो बायोडिझेलसाठी हाताळू शकतो. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने श्रेणीबद्ध छिद्रांच्या झिओलाइटवर निकेल-मॉलिब्डेनम आणि निकेल-टंगस्टन बसवून जट्रोफाच्या तेलावर काम केले. त्या संस्थेने बनवलेल्या जैवइंधनाचे मिश्रण एका इंजिनात घालून २७ ऑगस्ट २०१८ रोजी देहरादूनहून दिल्लीला प्रवासी कंपनीचे विमान उडाले. डिझेल आणि विमानाचे इंधन यांत फरक साखळीच्या लांबीचा. उत्प्रेरकाचे शास्त्र तेच.

आता उरतो तो टिकाऊपणाचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. उत्प्रेरक म्हातारा होतो. छिद्रांत कोळसा साचतो. असंतृप्त तेलात जास्तच. निकेलचे बारीक कण उष्णतेने एकमेकांत मिसळून मोठे होतात. सुटे मेदाम्ल निकेलला विरघळवून त्याचा साबण करते आणि धातू इंधनाबरोबर वाहून जातो. तेलातला फॉस्फरस आणि सोडियम छिद्रांची तोंडे बुजवतात. तळणीच्या तेलात याखेरीज मीठ, पाणी, पिठाचा कचरा, जळके अवशेष. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि त्यापुढचे तेल इंधनाकडे वळवण्याची मोहीमही त्याच वर्षी सुरू केली. जो देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, त्याने ताजे तेल इंधनासाठी जाळणे कोणत्याच अर्थाने योग्य नाही. त्यामुळे भारतापुरता कच्चा माल ठरलेला आहे: तळणीचे उरलेले, ॲसिड ऑइल, कोंड्याचे खवट झालेले, जंगलातले अखाद्य तेल.

आणि नेमक्या याच तेलावर बहुतेक उत्प्रेरकांची चाचणी होत नाही. चाचणी होते ती शुद्ध स्टिअरिक किंवा ओलेइक आम्लावर, बंद भांड्यात, काही तासांसाठी. क्रियेचे गणित समजण्यासाठी ती आवश्यक आहे; उत्प्रेरक चांगला ठरवण्यासाठी ती पुरेशी नाही. देशातल्या प्रयोगशाळांनी आणि त्यांना पैसा देणाऱ्या संस्थांनी यापुढे प्रत्येक नव्या उत्प्रेरकाला तीन गोष्टी विचारायला हव्यात. बाजारातून आणलेल्या आम्लधर्मी तेलावर, वाहत्या प्रवाहात, तो किमान हजार तास टिकला का? टनामागे हायड्रोजन किती गेला, मिथेनसह मोजून? आणि बाहेर आलेल्या इंधनात निकेल किती होते? या तीन उत्तरांशिवाय कोणत्याही उत्प्रेरकाला कारखान्याच्या दारापर्यंत नेऊ नये.